तुझ्या नावाची चौकशी

नांदगाव, ८ नोव्हेंबर २०२५

भाविका,

अभिनंदन करायला लिहीत नाहीये, तेव्हा पाकीट बघून उगाच हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून हा कागद. तुझ्या गावच्या सोनूबाई शनिवारी मासळी घेऊन आमच्या आळीत येतात, त्यांच्याच हातात देते. तू रविवारी उरणहून एकदऱ्याला घरी येतेस हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

यादी लागली. मुरुडच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं नवं युनिट, तंत्रज्ञाची एकच जागा. निवड तुझी. प्रतीक्षा यादीत पहिली मी. तुझ्या नावाखाली माझं नाव असं छापलंय की तू सिनियर आणि मी तुझ्या हाताखाली शिकायला आलेली. प्रत्यक्षात कोणी कोणाला शिकवलं? ट्रस्टच्या हॉस्पिटलात तू आलीस तेव्हा मशीनची कुठली नळी कुठे जाते तेही तुला माहीत नव्हतं. हात धरून दाखवलं ते मी.

आता आडपडदा न ठेवता सांगते. तुझं नाव वर दिसलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. नांदगावहून मुरुड म्हणजे एसटीत बसून ओढणी सावरते न सावरते तोवर उतरायचं. आणि मी रोज उलट्या दिशेला जाते, अलिबागकडे. काशीदचा घाट चढते आणि उतरते, नोकरी कमी आणि प्रवास जास्त. बाबाही आठवड्यातून तीनदा डायलिसिसला माझ्याबरोबर तसेच हेलकावे खात येतात. त्यात पुढच्या भरतीत माझं वय बसणार नाही. तुझं अजून खूप वर्षं बसेल. ही जागा तुला हवी होती, मला लागणार होती.

तू म्हणशील, ताईला जागेचं दुःख नाही, दुसरंच आहे. तेही आहे. मे महिन्यात बाबांनी सगळ्या युनिटसमोर काय केलं ते मी विसरलेले नाही. मी शिफ्टची इन-चार्ज, त्यांची सख्खी मुलगी, सुई तयार ठेवून उभी. त्यांनी डावा हात पुढे केला, मी आहे असं बघितलं आणि हात परत घेतला. म्हणाले, "भाविका नाही का आज?" शेजारच्या खाटेवरचा कान्हादादा खाली मान घालून हसला. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही आणि पावसाळ्याच्या आत तू नोकरी सोडून उरणला गेलीस. जाताना बाबांच्या पाया पडलीस, माझ्याशी एक शब्द नाही.

असो. आता माझ्या घराजवळची नोकरीसुद्धा तुलाच. घे.

वल्लरी

*

नांदगाव, १५ नोव्हेंबर

भाविका,

तुझा काही निरोप नाही. नसू दे. मात्र हे पत्र नीट वाच, यात तुझ्या कामाचं आहे.

बुधवारपासून मला एका अनोळखी नंबरवरून फोन येतोय. मी ड्युटीवर होते, उचलला नाही. नंतर मेसेज आला. जिल्ह्याच्या भरती विभागातून सुचिता मॅडम. 'भाविका यांच्या पूर्वीच्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायचं आहे. आठवड्याभरात तुमच्याशी संपर्क झाला नाही, तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराचा विचार करावा लागेल.'

पुढचा उमेदवार कोण ते तुला सांगायला नको.

मी ऑफिसातल्या अनंताकडे चौकशी केली, त्याला सरकारी कारभारातलं सगळं ठाऊक असतं. तो म्हणाला, पूर्वी निवड झाली की जुन्या हॉस्पिटलला पत्र यायचं. ते ट्रस्टींच्या टेबलावर पडून राहायचं. चांगला माणूस हातचा जाऊ नये म्हणून कोणी उत्तरच द्यायचं नाही, आणि नको असलेल्या माणसाची मात्र लगेच भरभरून स्तुती जायची. चार-चार महिने चौकशीत जायचे. तोवर निवडलेला माणूस कंटाळून दुसरीकडे लागायचा आणि नवी मशीनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलीच राहायची. म्हणून आता पत्रं बंद. उमेदवारानेच दोन नावं द्यायची, एक डॉक्टरचं आणि एक खांद्याला खांदा लावून काम केलेल्या माणसाचं. ऑफिस थेट त्यांना फोन करतं, सगळ्यांना तेच प्रश्न विचारतं आणि बोलता बोलता लिहून घेतं. दोघांपैकी एकजण जरी मिळाला नाही तरी थांबायचं नाही, पुढे सरकायचं. पेशंट ताटकळलेत, ते उमेदवारासाठी थांबत नाहीत.

पद्धत चांगली आहे, माझी ना नाही. पण तू माझं नाव का दिलंस? युनिटमध्ये बाकीच्या मुली मेल्या होत्या का? मला कमीपणा यावा, तुझं गुणगान माझ्या तोंडून व्हावं, म्हणून? की तुला वाटलं ताई भोळी आहे?

मी भोळी नाही. मी फोन उचलत नाहीये. खोटं बोलत नाहीये, वाईट बोलत नाहीये, फक्त उचलत नाहीये. काल पुन्हा वाजला तेव्हा फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि भाजी चिरत राहिले. आई म्हणाली, कोणाचा गं? मी म्हटलं, बँकेचा, कर्ज हवंय का विचारतात.

तुला हे का कळवतेय? पाठीमागून केलं असं म्हणायला तुला जागा राहू नये म्हणून. बुधवारी आठवडा संपतो. तुला काय करायचं ते कर. ऑफिसला सांग, दुसरं नाव दे, माझी तक्रार कर. माझ्याकडे येऊन विनवण्या केल्यास तरी चालेल. खरं सांगायचं तर तेच बघायला मला आवडेल.

वल्लरी

*

नांदगाव, १८ नोव्हेंबर

भाविका,

सोनूबाई आज मुद्दाम वाट वाकडी करून आल्या. टोपलीसुद्धा डोक्यावर नव्हती. आईने पाणी दिलं ते प्यायल्या आणि तुझा निरोप पाठ केल्यासारखा सांगितला.

"पोरगी म्हनली, ताईला सांग, तुला वाटंल तसा कर. नाव म्यां दिलाय, तं इचार करूनशी दिलाय."

एवढंच? मी विचारलं. तर म्हणाल्या, व्हय, एवराच. आणि चपला घालून गेल्या.

तुझा हा ताठा! विनवणी नाही, राग नाही, शिवी नाही. एवढी मोठी नोकरी हातातून जातेय आणि बाईसाहेब इचार करून बसल्यात. हाही माझ्याजवळ नाही. मी असते तर रात्रीच ऑफिसच्या दारात जाऊन बसले असते.

पण आज तुझ्याशी भांडायला बळ नाही. कालची हकिगत सांगते, ती तुला कळायला हवी. तुला कळली की माझ्यावर हसशील, ते माहीत असून सांगते.

काल सोमवार. शुक्रवारनंतर मध्ये दोन दिवस गेलेले. बाबा सकाळी एसटीतून उतरताना म्हणाले, पायात जोर नाही. मला वाटलं वय झालं, हेलकावे बसले. खाटेवर आडवं करून मी वजन, बीपी बघितलं. काय खाल्लंत, विचारलं. भात, आमटी, दुधी. आणखी काही? काही नाही. पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. काही नाही म्हटलं ना, म्हणाले आणि डोळे मिटले. मी सुई घेऊन वळले तोवर त्यांचं तोंड पांढरं फटक पडलं आणि नाडी वेडीवाकडी. अजेय डॉक्टर धावत आले, ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शनं दिली, मशीन लावलं. रक्तात पोटॅशियम इतकं चढलं होतं की अर्धा तास उशीर झाला असता तर मी हे पत्र लिहीत नसते.

शहाळी, भाविका. शनिवारी यज्ञेश्वरकाका आले होते पालीहून. वाडीत पाहुणा आला की माडावरून शहाळी उतरवायची आणि यजमानाने त्याच्याबरोबर प्यायचं, आमच्याकडे पाहुण्याला एकट्याने पिऊ देत नाहीत. मी ड्युटीवर. बाबांनी काकांबरोबर दोन प्यायली. डायलिसिसच्या माणसाला ते विष आहे हे त्यांना काय माहीत नाही? दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय. संध्याकाळी आईने कबूल केलं, तेव्हा मला कळलं.

रात्री बाबा जरा सावरल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? सकाळी मी तिथेच उभी होते, दोनदा विचारलं होतं.

मोठा श्वास घेऊन म्हणाले, "तुला सांगितलं की आधी तुझा चेहरा सांभाळावा लागतो. भाविका विचारायची, किती प्यायलात काका, आणि मशीन लावायला वळायची."

म्हणजे ते तुझ्या वेळीही प्यायचे! आणि तुला सांगायचे! वर्षभर माझ्या नाकासमोर तुमचं दोघांचं हे चाललं होतं. तू डॉक्टरांना सांगून मशीनची सेटिंगं बदलून घ्यायचीस, तेव्हा मला वाटायचं तू शहाणपणा मिरवतेस. कान्हादादा सुकट खाऊन यायचा तेही तुलाच ठाऊक असायचं. ती तुमची कोळीवाड्यातली कुजबूज आणि खिदळणं मी शिफ्टभर ऐकलंय, मनात म्हटलंय, काम सोडून गप्पा.

माझा बाप मरता मरता वाचला आणि मला पहिलं काय वाटलं माहीत आहे? भाविका असती तर तिला सांगितलं असतं. त्याचाच राग आला. भीती नंतर आली.

उद्या बुधवार आहे.

वल्लरी

*

नांदगाव, १९ नोव्हेंबर

भाविका,

मी फोन केला. त्यांचा आला नाही, मी केला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, हॉस्पिटलच्या मागे जिथे ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवतात तिथे उभं राहून. कारण विचारू नकोस. मलाही सांगता येत नाही, आणि तुझ्यावरच्या प्रेमापोटी तर अजिबात नाही.

सुरुवातीलाच म्हटलं, मॅडम, एक सांगून टाकते, प्रतीक्षा यादीत पहिली मीच आहे. मला वाटलं त्या म्हणतील, मग तुमचं मत चालणार नाही, आणि मी सुटेन. सुचिता मॅडम जुन्या नर्स आहेत, बोलण्यावरून लगेच कळतं. म्हणाल्या, "यादी माझ्यासमोरच आहे. डॉक्टरांनी 'चांगली मुलगी' म्हणून फोन ठेवला, त्याचं मी काय करू? तुम्ही दोष सांगा. वाईट सांगितलंत तर मी आणखी दोघांना विचारीन. चांगलं सांगितलंत तर मात्र तेवढं पुरे."

दोष सांगायचे म्हटल्यावर मला कोण अडवतंय? सुरू झाले. ती फार सावकाश आहे, म्हटलं. सुई घालण्याआधी हाताला कान लावल्यासारखी बसते, बोटांनी चाचपत राहते, पुढचा पेशंट खोळंबतो. मॅडम म्हणाल्या, हं, पुढे. ती पेशंटचं ऐकत नाही. त्यांना रोजच्या जागी टोचलेलं बरं वाटतं, तिथे दुखत नाही. ही दर वेळी जागा बदलते, वर शीर टिकली पाहिजे म्हणून भांडते. हं. ती वरच्यांना जुमानत नाही. एकदा पाण्याची तपासणी मनासारखी येईना तर सगळी शिफ्ट बसवून ठेवली, ट्रस्टींचा फोन आला तरी मशीन सुरू केलं नाही. हं, अजून? पेशंटशी फार बोलते. त्यांच्या भाषेत बोलते, हसते.

मी बोलत होते आणि मॅडम टकाटक टाईप करत होत्या. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं. तुझी वर्षभराची शिफ्ट न शिफ्ट मला पाठ होती. तू कुठल्या पेशंटच्या कुठल्या शिरेला कधी टोचलंस तेही. इतकं तुझ्याकडे तुझ्या आईनेही पाहिलं नसेल. जळणाऱ्या माणसाची नजर किती तयार होते! आणि त्या सगळ्या नजरेत मला एक चूक सापडत नव्हती. मी शोधली, देवाशपथ. उन्हात उभी राहून शोधली.

मग त्यांचा शेवटचा प्रश्न आला. तो सगळ्यांना विचारतात म्हणे.

"पेशंट तिला खरं सांगतात का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगतात," मी म्हटलं.

"कशावरून?"

"माझे वडील सांगायचे. मला सांगत नाहीत."

त्यांचं टायपिंग थांबलं. त्या म्हणाल्या, मुरुडच्या युनिटला अर्धे पेशंट कोळीवाड्यांतले आणि अर्धे माडांच्या वाड्यांतले येणार आहेत. एवढंच म्हणाल्या आणि आभार मानले. सगळं मिळून चहा पिण्याइतका वेळ लागला असेल. एवढ्या वेळात माझी सरकारी नोकरी गेली.

नंतर रडले. तिथेच, सिलिंडरला टेकून. पश्चात्तापाने नव्हे, चांगुलपणानेही नव्हे. ती जागा मला हवी होती म्हणून रडले. आता तरी फोन उचल.

वल्लरी

*

नांदगाव, १४ डिसेंबर

भाविका,

तू रुजू झालीस हे मला मासळीच्या टोपलीतून कळलं. सोनूबाईंनी आईला पेढे दिले आणि वर दोन पापलेटं ठेवली. पेढा मी खाल्ला नाही. पापलेट खाल्लं, ते नाकारण्याइतकी मी मोठी नाही.

तुझा मेसेजही मिळाला. 'ताई, थँक्यू' आणि हात जोडलेलं चित्र. ते पाठवायला तुला किती दिवस लागले! मी उत्तर दिलं नाही. काय द्यायचं? 'तुझं भलं होवो' असं लिहायला घेतलं आणि पुसलं. तुझं भलं झालेलंच आहे, आणखी माझ्याकडून कशाला?

आता कामाचं. बाबांचं नाव मी मुरुडच्या युनिटला नोंदवलंय, उद्यापासून ते तुझ्याकडे येतील. हा कागद त्यांच्याच हाती देतेय. त्यांनी स्वतः कधी म्हटलं नाही, मला तिकडे पाठव. पण मुरुडचं युनिट सुरू झालं हे कळल्यापासून रोज पेपर वाचता वाचता विचारायचे, तिथे म्हणे मशीनं नवी आहेत? मी तीनदा म्हटलं, आमचीही वाईट नाहीत. चौथ्यांदा त्यांची फाईल काढली.

पिशवी भरताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. लग्नाला निघाल्यासारखे खूश होते. नवा सदरा काढून ठेवलाय. आई म्हणाली, अहो, टोचून घ्यायला चाललाय ना? मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आजवर मला वाटायचं, मला तुझी नोकरी हवी. ती मिळाली असती तरी मी मुरुडला तशीच उभी राहिले असते, सुई घेऊन, आणि बाबांनी हात पुढे करून मागे घेतला असता. मग ही जळजळ कुठे नेऊन ठेवली असती? निदान आता तुझ्यावर ठेवता येते.

त्यांच्या वजनाचे, औषधांचे सगळे कागद फाईलमध्ये आहेत. सुई सावकाश घाल, तू घालशीलच. यज्ञेश्वरकाका नाताळात पुन्हा येणार आहेत, त्या आठवड्यात विचार. विचारल्यावर सांगतील ते. मला कळवायची गरज नाही, डॉक्टरांना सांग म्हणजे झालं.

एक मात्र कर. सुया लागल्या, मशीन सुरू झालं की माणूस तासन्‌तास पडून असतो, आणि बाबा तुझ्याशी बोलणार. वाडीचं बोलतील, आईचं बोलतील, कधीतरी माझंही काढतील. माझ्याबद्दल ते काय म्हणतात, तेवढं मला कळव. वाईट असलं तरी कळव. मला ते कधीच सांगणार नाहीत.

वल्लरी